एकतिसाव्या दिवसाची परीक्षा

१८६६ सालचा ऑक्टोबर उजाडला तेव्हा फ्योदोर दोस्तोयव्हस्कीपुढे एक अशक्य काम होतं. आदल्या वर्षी सावकारांच्या तगाद्याला कंटाळून त्याने स्टेलोव्हस्की नावाच्या प्रकाशकाशी ३,००० रूबलचा करार केला होता. १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत एक नवी कादंबरी द्यायची, नाही दिली तर पुढची नऊ वर्षं दोस्तोयव्हस्की जे काही लिहील ते या प्रकाशकाने मोबदला न देता छापावं, अशी त्यातली अट होती. इकडे ‘क्राइम अँड पनिशमेंट’ मासिकातून क्रमशः छापून येत होती आणि सगळा वेळ तिनेच खाल्ला होता. नव्या कादंबरीची एक ओळही कागदावर नव्हती.

मित्रांनी सुचवलं, आम्ही प्रत्येकी एकेक भाग लिहून देतो, तू सही कर. दुसऱ्याच्या लिखाणावर आपलं नाव घालायला त्याने साफ नकार दिला. मग एका मित्राने लघुलेखिका ठेवण्याचा सल्ला दिला. सेंट पीटर्सबर्गमध्ये लघुलेखनाचे वर्ग चालत. तिथल्या शिक्षकांनी आपली सर्वांत हुशार विद्यार्थिनी पाठवली, वीस वर्षांची ॲना स्नित्किना. ४ ऑक्टोबरला ती पहिल्यांदा त्याच्या घरी गेली.

पहिला दिवस वाईट गेला. दोस्तोयव्हस्की अस्वस्थ होता, भराभर सांगत सुटला, आणि तिच्या उताऱ्यात एक पूर्णविराम राहिला म्हणून चिडलासुद्धा. पण दोन-चार दिवसांत कामाला घडी बसली. ती दुपारी बाराच्या सुमारास यायची. चारपर्यंत अधूनमधून थांबत तो मजकूर सांगायचा. रात्री ती घरी बसून लघुलिपीतलं सगळं स्वच्छ अक्षरात उतरवून काढायची आणि दुसऱ्या दिवशी पानं त्याच्यापुढे ठेवायची. तो ती तपासून दुरुस्त करायचा, मग पुढचं सांगायला लागायचा. काल किती पानं झाली, एकूण किती झाली, वेळेत होईल का, असं तो तिला पुन्हा पुन्हा विचारायचा. पानांचा गठ्ठा वाढू लागला तशी त्याला उमेद येत गेली. २९ ऑक्टोबरला ‘द गॅम्बलर’ पुरी झाली. सव्वीस दिवस लागले. मुदतीच्या दिवशी प्रकाशक मुद्दाम गावाबाहेर गेला, तेव्हा हस्तलिखित पोलीस ठाण्यात जमा करून तारखेची पावती घ्यावी लागली.

एका महिन्यात रोज लिहून पुस्तक उभं करता येतं का, या प्रश्नाचं इतकं स्वच्छ उत्तर साहित्याच्या इतिहासात क्वचितच सापडेल. पण दोस्तोयव्हस्कीची प्रतिभा बाजूला ठेवून त्या सव्वीस दिवसांची रचना पाहा. रोजची वेळ ठरलेली होती. समोर वाट पाहणारं माणूस होतं. सांगणं एका वेळी आणि दुरुस्ती दुसऱ्या वेळी होती. झालेलं काम मोजलं जात होतं. या चारही गोष्टी प्रतिभेशिवाय जमण्यासारख्या आहेत. महिनाभर रोज लिहिण्याचा पण करणाऱ्याला त्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

दिवसाला १,६६७ शब्द

या पणाचं आजचं सर्वांत प्रसिद्ध रूप अमेरिकेत जन्मलं. १९९९ च्या जुलैमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात क्रिस बेटी नावाच्या तरुणाने मित्रमंडळी गोळा केली आणि एका महिन्यात ५०,००० शब्दांची कादंबरी लिहायचं ठरवलं. एकवीस जण बसले, सहा जण शेवटपर्यंत पोचले. पुढच्या वर्षी हा उपक्रम नोव्हेंबरमध्ये गेला, कारण तिकडे त्या महिन्यात हवा खराब असते आणि माणसं घरात बसतात. त्या वर्षी १४० जण आले. ‘नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ’ या लांबलचक नावाचं ‘नॅनोरायमो’ झालं आणि पुढे जगभरातून दरवर्षी लाखो लोक त्यात भाग घेऊ लागले. आर्थिक चणचण आणि काही वादांनंतर ती संस्था बंद करत असल्याचं २०२५ च्या मार्चअखेरीस जाहीर झालं. संस्था गेली, पण महिनाभर लिहिण्याची कल्पना कुणाच्या मालकीची नाही. ती चालूच आहे.

५०,००० ला ३० ने भागलं की १,६६७ येतात. आकडा ऐकायला सोपा वाटतो. टंकलेखनाचा सराव असलेल्या माणसाला दीड-दोन तासांचं काम. पहिल्या आठवड्यात ते होतंही, कारण मनात साठलेलं बाहेर यायला आतुर असतं. पात्रं नवी असतात, प्रसंग डोळ्यांपुढे असतात. दुसऱ्या आठवड्यात खरी ओळख होते. सुरुवातीची शिदोरी संपलेली असते, शेवट दिसत नसतो, आणि कालचं लिखाण वाचलं की हात थांबतो. या उपक्रमातले जुने लोक दुसऱ्या आठवड्याचा धसका घेतात, तो उगाच नाही. इथे गळणारे आळशी असतात असं मला वाटत नाही. बहुतेकांना हिशेब बुडवतो.

थकबाकीचं गणित

समजा एखाद्याने दहा दिवस नेमाने लिहिलं. १६,६७० शब्द झाले. मग घरात आजारपण आलं, पाच दिवस वही उघडता आली नाही. उरलेल्या पंधरा दिवसांत आता ३३,३३० शब्द हवेत, म्हणजे दिवसाला २,२२२. ज्याला १,६६७ साठी पहाटे उठावं लागत होतं, त्याच्यावर तेवढ्याच वेळात एक-तृतीयांश जास्त काम येऊन पडलं, तेही लय तुटल्यानंतर. एखादा दिवस तो २,२२२ लिहितो, दुसऱ्या दिवशी १,५०० वर दमतो, तिसऱ्या दिवशी बाकी आणखी फुगलेली दिसते. चौथ्या दिवशी तो बसतच नाही. लिहिण्याची इच्छा असते, पण वही उघडली की आधी थकबाकी समोर येते.

यावरचा उपाय अँथनी ट्रोलोप या इंग्रज कादंबरीकाराने दीडशे वर्षांपूर्वी करून ठेवला आहे. ट्रोलोप टपाल खात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसे. पुढ्यात घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहिण्याचा त्याचा नेम होता. साडेआठला उठायचं, मग कपडे करून नाश्ता आणि कचेरी. पहाटे उठवून कॉफी आणून देण्यासाठी एका म्हाताऱ्या नोकराला तो वर्षाला पाच पौंड जादा देत असे. आपल्या यशात त्या नोकराचा वाटा इतर कुणाहीपेक्षा मोठा आहे, असं त्याने आत्मचरित्रात मोकळेपणाने मान्य केलं आहे. या पद्धतीने त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या.

त्याचं घड्याळ सर्वांना ठाऊक असतं. मला त्याची रोजनिशी जास्त महत्त्वाची वाटते. नवं पुस्तक घेतलं की तो दिवसवार पानांची नोंद ठेवी, पण हिशेब आठवड्याचा करी. सरासरी आठवड्याला चाळीस पानं. कधी ती वीसवर आली, कधी ११२ वर गेली. दिवस रिकामा गेला तर नोंदवहीत तो रिकामा दिसे आणि टोचे. पण आठवड्यात भरून काढायला वाव असे, आणि आठवडा संपला की नव्या आठवड्याचं नवं पान. माणसाचं आयुष्य एकसारख्या दिवसांचं नसतं. पाहुणे येतात, पोरांच्या परीक्षा येतात, कचेरीत मार्चअखेर येते. आठवड्याचा हिशेब हे सगळं पोटात घेतो.

आता शास्त्रीय बाजू. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लाली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर सवयींचा अभ्यास केला आणि तो २०१० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने रोज करायची एक साधी गोष्ट निवडली, जेवणासोबत फळ खाणं किंवा रात्रीच्या जेवणाआधी पळायला जाणं अशी. ती गोष्ट अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यक (मीडियन) ६६ होता. व्यक्तीव्यक्तींत फरक प्रचंड होता, १८ दिवसांपासून थेट २५४ दिवसांपर्यंत. महिनाभरात सवय लागतेच हा समज त्यामुळे टिकत नाही. याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मात्र मोठा दिलासा देणारा आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणावा असा खंड पडला नाही.

म्हणून पण करताना एकूण शब्दांचा डोंगर समोर ठेवू नये, असं मला ठामपणे वाटतं. बसण्याचे दिवस मोजावेत. चुकलेला दिवस माफ करावा, त्याचे शब्द पुढच्या दिवसाच्या डोक्यावर टाकू नयेत. नियम एकच कडक ठेवावा: सलग दोन दिवस चुकवायचे नाहीत.

लहरीची वाट पाहावी का?

सुचल्याशिवाय लिहू नये, ओढूनताणून लिहिलेलं कृत्रिम होतं, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे. अमेरिकेतल्या रॉबर्ट बॉइस या मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये तिची परीक्षा घेतली. २७ महाविद्यालयीन अध्यापकांचे त्याने तीन गट केले. एका गटाला अगदी अत्यावश्यक सोडून काही लिहू नका असं सांगितलं. दुसऱ्याला सांगितलं, मनाला येईल तेव्हा लिहा. तिसऱ्याला ठरल्या वेळी लिहिणं सक्तीचं केलं. न लिहिल्यास आपल्याला न आवडणाऱ्या संस्थेला देणगी द्यावी लागेल अशी अट घातली. सक्तीच्या गटाने मनमौजी गटाच्या तिपटीहून जास्त पानं लिहिली. ते अपेक्षितच होतं. पण नव्या कल्पना सुचण्याची नोंदही प्रत्येकाने ठेवली होती. सक्तीच्या गटाला साधारण रोज एक नवी कल्पना सुचली, मनाला येईल तेव्हा लिहिणाऱ्यांना दोन दिवसांत एक, आणि थांबून राहिलेल्यांना पाच दिवसांत एक. प्रयोग लहान आहे, पण त्याचा रोख स्पष्ट आहे. सुचणं हे बऱ्याच अंशी बसण्याच्या मागोमाग येतं.

बसायचं कधी, हे आधीच ठरवण्याचा फायदाही प्रयोगात दिसला आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पेटर गॉलविट्झर आणि त्याच्या सहकारिणीने विद्यार्थ्यांना नाताळच्या आदल्या संध्याकाळी काय केलं याचा वृत्तांत दोन दिवसांत लिहून पाठवायला सांगितलं. निम्म्या विद्यार्थ्यांना, हे कुठे आणि नेमकं कधी बसून लिहाल तेवढं आधी ठरवायला लावलं. त्यांच्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी वेळेत लिहिलं. उरलेल्या गटात हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास राहिलं. दोन्ही गटांचा हेतू सारखाच चांगला होता. फरक जागा आणि वेळ ठरवण्याने पडला.

“रोज लिहीन” हा संकल्प त्यामुळे अपुरा आहे. “सकाळचा चहा झाला की, पाणी यायच्या आत, स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या खिडकीकडच्या बाजूला बसून लिहीन” हा संकल्प टिकतो. माझा स्वतःचा महिना अशाच एका कोपऱ्यावर उभा राहिला. दिवसभरातले जे तास मला मोकळे वाटत होते, ते मोकळे नव्हतेच. रात्री जेवणानंतरचा तास घरच्यांचा निघाला, दुपारचा तास फोनचा. सकाळी घर जागं होण्याआधीचा थोडा वेळ खरोखर माझा होता. ते कळायलाच पहिला आठवडा गेला आणि तो वाया गेला असं मी मानत नाही.

लिहिणारा आणि तपासणारा

पहिला खर्डा लिहिताना मागे जाऊन वाक्य सुधारायचं नाही, हा या पणाचा सर्वांत उपयोगी आणि सर्वांत अवघड नियम आहे. एक वाक्य लिहायचं, वाचायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं, या पद्धतीने तासाभरात एक घोटीव परिच्छेद तयार होतो आणि गोष्ट मात्र तिथेच उभी राहते. शेवट माहीत नसताना सुरुवात सुधारणं हे बऱ्याचदा वाया जाणारं काम असतं, कारण शेवट सापडल्यावर ती सुरुवातच बदलावी लागते. दोस्तोयव्हस्कीच्या दिनक्रमात दोन्ही कामं होती, पण त्यांच्यामध्ये एक रात्र होती.

अडलं तर काय करायचं? कंसात लिहून पुढे जायचं. (इथे बाजाराचं वर्णन हवं.) (मामाचं नाव बदलायचं, दोघे एकाच नावाचे झाले.) (हा संवाद खोटा वाटतो, वत्सला असं बोलणार नाही.) तपासणाऱ्याला काम मिळालं की तो गप्प बसतो आणि लिहिणारा मोकळा होतो. दुसरी युक्ती अर्नेस्ट हेमिंग्वेची आहे: पुढे काय होणार हे ठाऊक असतानाच त्या दिवसापुरतं थांबायचं. विहीर कोरडी होईपर्यंत उपसली तर दुसऱ्या सकाळी काहीच हाती लागत नाही. मी रोज उठताना पानाच्या तळाशी एक ओळ लिहून ठेवायचो. “उद्या: आत्या फाटक उघडते, कुत्रा भुंकत नाही.” सकाळी झोपेच्या गुंगीतही त्या ओळीवरून पुढचं वाक्य निघायचं. कुत्रा का भुंकला नाही हे सांगता सांगता पान भरायचं.

महिन्याच्या शेवटी जे हाती येतं तो कच्चा माल असतो, ही अपेक्षा मात्र आधीपासून स्वच्छ असावी. एरिन मॉर्गनस्टर्नची ‘द नाइट सर्कस’ ही गाजलेली कादंबरी याच नोव्हेंबरच्या उपक्रमात जन्मली, पण ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली तोवर एकाहून अधिक नोव्हेंबर आणि वर्षानुवर्षांचं पुनर्लेखन तिच्यावर खर्ची पडलं होतं.

साठा असेल तर वेग

मराठी वाचकाला इथे साने गुरुजी आठवतील. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहून काढली. टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने लिहिलं. एवढा अवाढव्य ग्रंथ काही महिन्यांत कागदावर उतरला. ही उदाहरणं वेगाची म्हणून सांगितली जातात. त्यांचा खरा अर्थ वेगळा आहे. गुरुजींच्या पाच दिवसांमागे आईच्या आठवणींचं अख्खं बालपण होतं, टिळकांच्या त्या हिवाळ्यामागे गीतेवरचं अनेक वर्षांचं चिंतन होतं. ‘द गॅम्बलर’चंही तसंच. जुगारी माणसाच्या गोष्टीची रूपरेषा दोस्तोयव्हस्कीने १८६३ मध्येच एका पत्रात मांडली होती, आणि जुगाराचं टेबल तो स्वतः पुरतं भोगून आला होता.

लिहायला महिना पुरतो, साठायला वर्षं लागतात. पणाच्या महिन्यात मध्येच रिकामं वाटू लागलं तर त्याचा अर्थ आपल्यात काही नाही असा घेऊ नये. विषय बदलून पाहावा. ज्याबद्दल आपल्याला कुणी विचारलं तर जेवण गार होईपर्यंत बोलता येईल, तो आपला विषय. शेतीची विहीर, बदल्यांची नोकरी, आजीचा दमा, लोकलचा रोजचा प्रवास, काहीही. पहिल्या महिन्यासाठी असा साठलेला विषय घ्यावा.

मराठीत मोजायचं कसं?

१,६६७ हा आकडा इंग्रजीच्या मापाने आलेला आहे. मराठीत शब्दयोगी अव्ययं आणि प्रत्यय शब्दाला चिकटतात. “घराशेजारच्यांनासुद्धा” हा मोजणीत एकच शब्द, पण तेच इंग्रजीत सांगायला चार-पाच शब्द खर्चावे लागतील. तितकाच मजकूर मराठीत कमी शब्दांत बसतो, म्हणून इंग्रजीचा आकडा जसाच्या तसा उचलला तर मराठी लिहिणाऱ्यावर भार जास्त पडतो. त्यातून हाताने लिहायचं तर फुलस्केपच्या पानावर साधारण दोन-अडीचशे शब्द बसतात. १,६६७ म्हणजे रोज सात-आठ पानं. नोकरी-संसार सांभाळणाऱ्या माणसाने रोज दोन पानांचा नेम धरला तरी महिन्याला साठ पानं होतात. एका दीर्घकथेचा खर्डा त्यात सहज मावतो.

महिनाही आपला आपण निवडावा. नोव्हेंबर पुष्कळदा दिवाळीच्या आगेमागे येतो, फराळ आणि पाहुण्यांत पहिला आठवडा जातो. शिवाय मराठीत मुदतीचा स्वतःचा हंगाम आहेच. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून शंभराहून जास्त वर्षं मराठी लेखक पावसाळ्यात दिवाळीसाठी लिहीत आले आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये पण केला तर महिनाअखेरीचा खर्डा पाठवायला खरोखरचं ठिकाण असतं. वाट पाहणारा संपादक नसेल तर वाट पाहणारा एक मित्र तरी गाठावा. त्याने वाचायची गरज नाही. रोज रात्री “बसलास का?” एवढं विचारलं तरी पुरे.

महिना संपल्यावर

पण पुरा झाल्याच्या आनंदात बहुतेक जण एक मोठी सुट्टी घेतात आणि तिथून परत येत नाहीत. ६६ दिवसांचा आकडा इथे आठवावा: तिसाव्या दिवशी सवय पुरती लागलेली असेलच असं नाही. दोस्तोयव्हस्कीने ‘द गॅम्बलर’ दिल्यावर लगेच ‘क्राइम अँड पनिशमेंट’चा राहिलेला भाग ॲनाला सांगायला घेतला. त्याच पद्धतीने. फेब्रुवारी १८६७ मध्ये त्यांचं लग्न झालं आणि पुढच्या कादंबऱ्याही अशाच सांगून लिहिल्या गेल्या. महिन्याच्या पणाने त्याला एक कादंबरी दिली, पण त्याहून मोठं काही दिलं असेल तर ती कामाची पद्धत.

एकतिसाव्या दिवसासाठी माझा सल्ला असा. खर्डा कपाटात ठेवा, निदान दोन-तीन आठवडे तो उघडू नका. वेळ आणि जागा मात्र तीच ठेवा. लिखाणाचं माप निम्म्यावर आणा. दोन पानं लिहीत असाल तर एक लिहा. विषय कोणताही चालेल, पत्र लिहा, पाहिलेल्या माणसाचं वर्णन करा, वाचलेल्या पुस्तकाबद्दल लिहा. मग खर्डा काढा, पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एका बैठकीत वाचा. काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे आता त्रयस्थ नजरेला दिसेल. खर्ड्यातला बराच भाग जाईल. जाऊ द्या.

महिनाभराचा पण कुणाला लेखक करत नाही आणि चांगलं लिहायला शिकवतोच असंही नाही. तुमच्या दिवसात लिखाणाला जागा आहे का आणि ती नेमकी कुठे आहे, हे तो शोधून देतो. ज्याने पन्नास हजार शब्द लिहिले आणि एकतिसाव्या दिवशी वही बंद केली, त्याच्यापाशी एक खर्डा आहे. ज्याचे पंधराच हजार झाले, मध्ये चार-सहा दिवस चुकले, पण जो एकतिसाव्या सकाळी पुन्हा त्याच टेबलाशी बसला, त्याचं लिखाण खऱ्या अर्थाने सुरू झालं आहे.